दुसऱ्या बाजूवरचा ओरखडा

जुनी रेकॉर्ड पारखायला मला कुणी शिकवलं नाही. मी मूळचा भुसावळचा. बडोद्याच्या रिफायनरीत मोजमापाच्या यंत्रांची देखभाल करायला लागलो आणि सुट्टी मिळाली की शुक्रवारच्या जुन्या बाजारात जायला लागलो. कॅसेटी येऊन मुरल्या होत्या, घरोघरचे रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर गेले होते, आणि रेकॉर्डी जमिनीवर पोत्यांवर पसरलेल्या असायच्या. त्या उन्हात वाकायच्या, धुळीने भरायच्या. सुरुवातीला मी कव्हर बघून घ्यायचो आणि घरी येऊन फसायचो. मग हळूहळू डोळा तयार झाला.

रेकॉर्ड कडेने धरून उजेडात तिरपी करायची. काळी, तेलकट चमक असेल तर ठीक. खाचांमध्ये राखाडी झाक दिसली तर समजायचं, जड दांड्याच्या जुन्या सुईने ती खरवडून काढली आहे. ओरखडा एकही दिसणार नाही, पण लावली की आवाज फाटतो. मधल्या भोकाभोवती कागदावर बारीक रेघांचं जाळं असेल तर ती शेकडो वेळा घाईघाईने लावली गेली आहे. कव्हरवर आतल्या तबकडीचा गोल उमटला असेल तर ती दाबून, आडवी ठेवली होती. कुबट वास आला तर आत बुरशी. इतकं पाहिलं की त्या रेकॉर्डीचं आयुष्य बरंचसं कळतं. हे सगळं मी तेव्हा फार अभिमानाने सांगायचो.

अशाच एका शुक्रवारी एक वृद्ध गृहस्थ माझ्या शेजारी उभे राहून माझ्याकडे बघत होते. पांढरंशुभ्र धोतर, वर कोट, हातात काठी. त्यांनी हातातली रेकॉर्ड पुढे केली आणि विचारलं, "ही कशी आहे हो?"

मी तिरपी करून पाहिली. "कव्हर छान आहे. रेकॉर्ड गेलेली आहे."

"अहो, एक रेघ नाही हिच्यावर!"

"रेघ नाही, पण खाचा बघा. राखाडी झाल्यात. वरच्या पट्टीत गायलेलं सगळं चिरकणार."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिलं आणि रेकॉर्ड पोत्यावर ठेवून दिली. "कुठले तुम्ही?"

"भुसावळ. इथे रिफायनरीत आहे."

"अच्छा, रिफायनरी." हे त्यांनी असं म्हटलं की मला माझे तेलाचे डाग पडलेले बूट आठवले, जरी त्या दिवशी मी चपला घातल्या होत्या. पण पुढच्याच वाक्यात त्यांनी मला घरी बोलावलं.

त्यांचं नाव लिहीत नाही. मी त्यांना काका म्हणायला लागलो. नागरवाड्यात त्यांचं घर होतं. आजोबा संस्थानाच्या नोकरीत होते, वडीलही. काका स्वतः कॉलेजात शिकवून निवृत्त झाले होते. पत्नी वारली होती. एकुलता एक मुलगा बँकेत मोठा अधिकारी, तो अलकापुरीकडे फ्लॅट घेऊन राहायचा आणि रविवारी येऊन जायचा. काकांचं मराठी शुद्ध, पण मधूनमधून "बेसा ना, ऊभे का?" असं गुजराती त्यात सहज येऊन बसायचं. ते त्यांना जाणवायचंही नाही. माझ्या तोंडून मात्र एखादा खानदेशी शब्द निसटला की ते हसायचे आणि म्हणायचे, "तुमच्याकडची भाषा जरा रांगडी, नाही?" मीही हसायचो. मला तिथे बसायला मिळतंय याचंच इतकं अप्रूप होतं.

काकांकडे चारशेच्या आसपास रेकॉर्डी होत्या. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, काही लाखेच्या जुन्या, बाकीच्या मोठ्या एलपी. सुरतेच्या एका संगीत मंडळाला त्या सगळ्या भेट द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. मंडळाने यादी मागितली होती, प्रत्येक रेकॉर्डीची आणि कव्हरची अवस्था लिहून. काका म्हणाले, "माझे डोळे आता काम करत नाहीत. तुम्ही कराल का?"

मी लगेच हो म्हणालो. बायको म्हणाली, "एक रविवार मिळतो, तोही लोकांच्या घरी?" तिला मी सांगितलं, "असा माणूस आपल्याला पुन्हा भेटायचा नाही."

सव्वा वर्ष लागलं. दर रविवारी सकाळी मी स्कूटर घेऊन गोरव्यातल्या आमच्या घरून नागरवाड्यात जायचो. एक जाड वही केली होती. त्यात रकाने आखले. कव्हर, पहिली बाजू, दुसरी बाजू, शेरा. अवस्थेसाठी माझे चारच शब्द होते. कोरी, चांगली, चालेल, गेली. शेऱ्याच्या रकान्यात मी काहीही सोडायचो नाही. 'कव्हरचा कणा दोन बोटं फाटलेला', 'आतली पिशवी बदललेली', 'केसाएवढी रेघ, आवाजात येत नाही'. फार मळलेल्या रेकॉर्डी दहा-दहाच्या गठ्ठ्याने घरी न्यायचो, सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत उभ्या करून वाळवायचो आणि पुढच्या रविवारी परत आणायचो. आमच्या दोन खोल्यांत स्वयंपाकघराच्या ओट्यावर तबकड्या उभ्या असायच्या आणि बायको त्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून पोळ्या लाटायची.

काका शेजारी आरामखुर्चीत बसून बोलत राहायचे. कुठली रेकॉर्ड कुठून आणली, कोण गायक घरी येऊन गेला, कोणत्या बैठकीत काय झालं. मला रागदारीतलं जे काही कळतं ते तिथे बसून कळलं, हे मी नाकारत नाही.

एक रेकॉर्ड त्यांनी शेवटपर्यंत बाजूला ठेवली होती. कोणीही पाहुणा आला की काका कपाटातून तिचं कव्हर काढून दाखवायचे. बडोद्यातच राहणाऱ्या एका गायिकेची ती रेकॉर्ड, आणि कव्हरवर तिने स्वतःच्या हाताने लिहून सही केलेली. ते लिहिलेलं काकांच्या पत्नीला उद्देशून होतं. लग्नाआधी त्या दोघी एकाच गुरूकडे शिकत होत्या. "हिच्यापेक्षा माझी बायको बरी गायची, असं गुरूच म्हणायचे," असं काका प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. पाहुणा विचारायचा, मग पुढे? काका म्हणायचे, "पुढे काय, संसार." कव्हर फिरून पुन्हा कपाटात जायचं. तबकडी बाहेर कधीच निघायची नाही.

यादी पुरी करायला ती तेवढी उरली. मी कव्हर पाहिलं. कोपरे टोकदार, कणा ताठ, शाई जराही फिकी नाही. 'कोरी' लिहिलं. आतली तबकडी काढली. पहिली बाजू 'चांगली'. उलटी करून खिडकीकडे तिरपी धरली आणि माझा हातच थांबला. बाहेरच्या कडेपासून आतल्या कागदापर्यंत सलग, खोल, किंचित वळलेला एक ओरखडा होता. पिशवीत घालता-काढता पडतो तसा नव्हे. सुई लागलेली असताना कुणीतरी सुईचा दांडा जोराने आडवा ओढला की पडतो तसा. नखाला लागत होता.

मी म्हणालो, "काका, दुसरी बाजू गेली हो. सुई ओढली गेलीय."

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्याच हातून झालंय."

त्यांनी आपणहून सांगितलं. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती. संध्याकाळी ते कॉलेजातून आले. पत्नी रेकॉर्ड लावून तिच्याबरोबर गात होती, अगदी मोकळ्या आवाजात. लहान मुलगा पाळण्यात रडत होता, ते तिला ऐकूच गेलं नव्हतं. आणि काकांचे वडील ओसरीवर दोन परक्या माणसांशी बोलत बसले होते. "मी आलो तो सरळ आत गेलो आणि दांडा धरून ओढला. काही बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं." थांबून म्हणाले, "त्यानंतर ती या घरात कधी गायली नाही. मीही कधी गा म्हटलं नाही. ती गेली तेव्हा कपाटात ही सापडली, नीट पुसून ठेवलेली."

मी पेन उचललं, तेवढ्यात ते म्हणाले, "इथे 'गेली' लिहू नका."

"काका, लिहायचं तर जे आहे ते."

"यादी माझा मुलगा वाचणार आहे. त्याला आईच्या गाण्याची ही एकच गोष्ट ठाऊक आहे. 'चालेल' लिहा. शेरा लिहू नका. माझं एवढं ऐका."

त्यांनी हात जोडले नाहीत, पण आवाज तसाच होता. चारशे रेकॉर्डींत मी एकाही ठिकाणी खोटं लिहिलं नव्हतं. तिथे लिहिलं. दुसरी बाजू, चालेल. शेरा कोरा. मला वाटलं, एका म्हाताऱ्या माणसाची लाज झाकतोय, यात वाईट काय? खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट वाटली. त्यांनी हे मुलाला सांगितलं नाही, मला सांगितलं. मला त्याचा आनंद झाला होता.

तीन आठवड्यांनी सुरतेच्या मंडळाचे एक गृहस्थ आले. रविवार होता. मुलगाही होता. मंडळाला सगळं पसंत पडलं तर पुढच्या महिन्यात टेंपो येणार होता. काकांनी शर्टाची वरची गुंडीही लावली होती. मुलाच्या हातात माझी वही. तो म्हणाला, "पहिल्यांदा ही बघा, आमच्या आईची," आणि कपाटातून तेच कव्हर काढून त्याने पाहुण्यांच्या हातात दिलं.

पाहुण्यांनाही पारख होती. त्यांनी तबकडी काढली, पहिली बाजू पाहून मान डोलावली, उलटी केली आणि उजेडाकडे तिरपी धरली.

"याच्यावर तर केवढा मोठा ओरखडा आहे!"

"शक्यच नाही," मुलगा म्हणाला आणि वही उघडून बोट फिरवत त्या ओळीवर आला. "यादीत तर 'चालेल' आहे." मग माझ्याकडे वळला. "हे काय?"

मी काकांकडे पाहिलं. ते काठीच्या मुठीकडे बघत होते.

मुलगा पानं उलटत होता. "तुम्ही बाकी प्रत्येक ठिकाणी केसाएवढी रेघसुद्धा लिहिलीय. कव्हरला पडलेला चहाचा थेंब लिहिलाय. आणि एवढं मोठं तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं असतं तर लिहिलं असतं ना त्यांनी," पाहुणे म्हणाले. त्यांना माझी बाजूच घ्यायची होती बहुधा. पण त्यांच्या त्या वाक्यानेच सगळं ठरलं. दिसलं असतं तर लिहिलं असतं. लिहिलं नाही, म्हणजे तेव्हा नव्हतं. म्हणजे नंतर झालं.

मुलाने अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही रेकॉर्डी धुवायला घरी नेत होता ना?"

"ही नेली नव्हती."

"बाबा, ही नेली होती का यांनी?"

काकांनी मान वर केली, मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही आणि म्हणाले, "आठवत नाही बुवा."

एवढेच शब्द. त्यांना कैक वर्षांपूर्वीच्या बैठका, तानपुऱ्यावर बसलेल्या माणसांची नावं, कोणत्या साली कुठला कोट शिवला, सगळं आठवत होतं.

मला सिद्ध करता आलं असतं. ताजा ओरखडा पांढरट चमकतो, कडा उठलेल्या असतात, बोटाला खरखर लागते. हा मंद पडला होता, त्यात वर्षांची धूळ बसून काळी झाली होती. सुरतेच्या गृहस्थांना भिंग देऊन एवढंच म्हणायचं होतं, नीट बघा, हा किती जुना आहे. त्यांनी लगेच ओळखलं असतं. पण मग मुलाने पुढचा प्रश्न विचारला असता. जुना आहे तर कुणी केला? आणि त्याचं उत्तर खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

मी म्हणालो, "माझ्याकडून झालं असेल. माफ करा."

हे मी काकांसाठी केलं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की त्या घरात मला चढ्या आवाजात बोलता येत नव्हतं. सव्वा वर्ष मी खालच्या आवाजात, वाकून, 'हो काका, हो काका' करत बसलो होतो. माफी माझ्या तोंडून सवयीने निघाली.

मुलगा म्हणाला, "माफी ठीक आहे. पण ती आईची शेवटची वस्तू होती, एवढं लक्षात ठेवा." वही त्याने मिटून आपल्याकडे ठेवली. चहा आला, पाहुण्यांना दिला गेला. मी पायऱ्या उतरून स्कूटरला किक मारत होतो तेव्हा वाटलं, काका निदान खिडकीत येतील. आले नाहीत.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, तसेच हात घेऊन उभी राहिली.

"आणि तुम्ही माफी मागितलीत?"

"मग काय करायचं होतं?"

"खरं बोलायचं होतं. त्या बाईचं तरी."

"कुठल्या बाईचं?"

"जी गेली तिचं. तिला नवऱ्याने गप्प केलं, आणि तुम्ही वहीत लिहून तेच पक्कं केलंत. वर त्याचं पाप तुमच्या डोक्यावर." मग ती पुन्हा मळायला लागली. "आणि मी दीड वर्ष ओट्यावर जागा करून देत होते."

सव्वा, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. कुणी बोलावलंही नाही. मला वाटत होतं काका चिठ्ठी पाठवतील, निदान फोन करतील. आमच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, नंबर त्यांच्याकडे होता. चार-पाच महिन्यांनी ते मला खंडेराव मार्केटात दिसले. पेरूंच्या ढिगापाशी उभे होते. मी सरळ समोर जाऊन नमस्कार केला. त्यांनी ओळखलं. म्हणाले, "केम, बरं आहे ना?" मी म्हणालो, बरं आहे. ते म्हणाले, "यंदा पेरू काही खास नाहीत." आणि पिशवी सावरत पुढे गेले. मी त्यांच्या पाठमोऱ्या कोटाकडे बघत तिथेच उभा राहिलो. मला राग येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी, आपण इतके दिवस कुणाच्या फोनची वाट बघत होतो हे कळून स्वतःचीच शरम वाटली.

त्यांच्या मृत्यूची बातमी मला वर्तमानपत्रातून कळली. बायको म्हणाली, "जाऊ नका." मी गेलो. दिवाणखान्यात सतरंजी घातली होती, माणसं बरीच होती. मी एका कडेला बसलो. थोड्या वेळाने मुलगा उठून माझ्याजवळ आला. त्याचे डोळे सुजले होते. त्याने माझा हात हातात घेतला, आणि एक क्षण मला खरंच वाटलं की काकांनी जाण्यापूर्वी त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "तुम्ही आलात, बरं वाटलं. मी त्या वेळी जरा जास्त बोललो. पण बाबांनी मनात काही ठेवलं नव्हतं बरं का. शेवटी शेवटी मला म्हणाले, त्या माणसाला मी कधीच माफ केलंय."

मी म्हणालो, "मोठं मन होतं त्यांचं."

आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी आणखी पाच मिनिटं बसलो, नमस्कार केला, बाहेर आलो आणि चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरलो.

सुरतेच्या मंडळाने त्या रेकॉर्डी शेवटी घेतल्याच नाहीत, असं नंतर कानावर आलं. मधली काही वर्षं त्या तशाच पडून होत्या, मग घर विकलं गेलं. पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही, आणि मी शोधही घेतला नाही.

आता मी निवृत्त आहे. रेकॉर्डींचे दिवस पुन्हा आलेत म्हणतात. तरुण मुलंमुली बाजारातून, भंगारवाल्याकडून काहीबाही घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, अंकल, ही कशी आहे? मी बघून तोंडी सांगतो. लिहून काही देत नाही. मागच्या महिन्यात एक मुलगी म्हणाली, "यादी करून द्या ना, मला विकायला सोपं जाईल." मी म्हटलं, "डोळे गेलेत आता." डोळे चांगले आहेत.

काकांची कीव करायचा मी प्रयत्न केला आहे. वयाने मीही आता त्यांच्याएवढा झालो. सत्तरीत, मुलासमोर, पाहुण्यासमोर, एका क्षणात ते सगळं कबूल करणं सोपं नव्हतं, हे समजतं मला. पण त्यानंतर त्यांना आणखी सात वर्षं मिळाली होती. सात वर्षांत एक दुपार तरी मुलगा एकटा समोर बसला असेल. तेव्हा ते 'आठवत नाही'वर थांबले असते तरी मी सोसलं असतं. त्यांनी मला माफ केलं.

बायको म्हणते, हे लिहून काय मिळणार. तिला मी सांगितलं, काही नाही. मुलगा याच शहरात आहे. वाचलं तर त्याला कळेल की हे त्याच्याच घराबद्दल आहे. आईबद्दल त्याला काय कळावं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार मला नव्हता असं मी इतकी वर्षं धरून चाललो. तो अधिकार काकांना तरी होता का, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही वेळेवर विचारलं नाही.

दुसरी बाजू गेली होती. मला ती पाहताक्षणी कळली होती.